स्कॅन नॉर्मल, माणूस वेगळा: मेंदू आणि मणक्याच्या दुखापतीनंतर कायदा काय विचारतो

१९९९ च्या जून महिन्यात उत्तर इंग्लंडमधल्या बार्न्सली इथे रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना मोटरसायकलची धडक बसली. डोक्याला मार लागला. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला आणि जानेवारी २००३ मध्ये, सुनावणीच्याच दिवशी, कोर्टाच्या आवारात तडजोड झाली. रक्कम ठरली १२,५०० पौंड. बाईंनी ती मान्य केली आणि केस मिटली.

काही वर्षांनी नव्या वकिलांनी कागद पुन्हा उघडले. मेंदूच्या दुखापतीचा पूर्ण हिशोब मांडला, तर दाव्याची किंमत २० लाख पौंडांच्या पुढे जाऊ शकते, असा त्यांचा अंदाज निघाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तडजोड मान्य करण्याची निर्णयक्षमताच त्या वेळी बाईंकडे नव्हती, असं पुढे आलं. प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेलं. मार्च २०१४ मध्ये लेडी हेल यांनी निकालपत्र दिलं: तडजोड रद्द. निर्णयक्षमता नसलेल्या व्यक्तीच्या वतीने झालेल्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी लागते आणि ती घेतलेली नव्हती. त्या दिवशी ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, यानेही फरक पडत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

या प्रकरणात विचार करण्यासारखी गोष्ट ही, की तडजोडीच्या दिवशी बाईंच्या बाजूने बॅरिस्टर हजर होते. कायद्याच्या माणसांच्या देखत हे घडलं आणि लक्षात आलं नाही. यात निव्वळ निष्काळजीपणा शोधण्यापेक्षा मेंदूच्या दुखापतीचं विज्ञान समजून घेतलं, तर हे पुन्हा पुन्हा का घडतं ते कळतं. आणि कुटुंबाने काय करायला हवं, तेही कळतं.

मी मेंदूवर संशोधन करते, वकिली नाही. त्यामुळे हा कायदेशीर सल्ला नव्हे. पण या दोन क्षेत्रांच्या सीमेवर काय चालतं ते माहीत असेल, तर वकिलाला योग्य प्रश्न विचारता येतात. खालचे नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंड, अमेरिका किंवा आखातात नियम आणि मुदती वेगळ्या आहेत. विज्ञान मात्र सगळीकडे सारखंच.

स्कॅनमध्ये काय दिसत नाही

डोक्याला मार लागलेला माणूस इमर्जन्सी विभागात आला, की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. १३ ते १५ म्हणजे सौम्य दुखापत, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. दुसरी गोष्ट म्हणजे सीटी स्कॅन.

सीटी स्कॅन प्राण वाचवण्यासाठी असतो. कवटी फुटली आहे का, रक्त साचलंय का, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल का, या प्रश्नांची उत्तरं तो पटकन देतो. पण मेंदूचं मोठं नुकसान अनेकदा रक्तस्रावात नसतं, वायरिंगमध्ये असतं. गाडी जोरात थांबते, डोकं फिरतं, आणि मऊ मेंदूचे थर एकमेकांवर सरकतात. चेतापेशींचे लांब धागे, म्हणजे ॲक्सॉन, त्यात ताणले जातात. हे धागे सावकाश ताणले तर लवचिक असतात, झटक्यात ताणले तर ठिसूळ. त्यांच्या आतल्या सूक्ष्मनलिका मोडतात, मालवाहतूक अडते, धागा फुगतो आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत तुटतो. याला डिफ्यूज ॲक्सोनल इंजुरी म्हणतात. ऑक्सफर्डच्या सबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये अशा मेंदूंमधलं पांढऱ्या द्रव्याचं नुकसान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं.

ॲक्सॉनची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. सीटीच्या चित्रातला एक ठिपका त्याच्या शेकडो पट मोठा. त्यामुळे ‘सीटी नॉर्मल’ या शेऱ्याचा अर्थ ‘ताबडतोब ऑपरेशन लागेल असं काही दिसत नाही’ एवढाच. विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये सूक्ष्म रक्तस्रावांचे डाग दिसू शकतात. पाण्याच्या रेणूंची दिशा मोजणारं डिफ्यूजन इमेजिंगही आहे. रुग्णांच्या गटांची तुलना करायला ते उत्तम. पण एकट्या माणसाच्या बाबतीत ‘हा बदल याच अपघाताने झाला’ असं त्यावरून ठामपणे म्हणणं अवघड असतं, आणि कोर्टात समोरची बाजू नेमकं तिथेच बोट ठेवते.

मग मोजायचं कसं? एक जुनं आणि भरवशाचं माप आहे: अपघातानंतर सलग आठवणी साठायला पुन्हा सुरुवात होईपर्यंत किती वेळ गेला. याला पोस्ट-ट्रॉमॅटिक ॲम्नेशिया म्हणतात. या काळात माणूस जागा असतो, बोलतो, नातेवाइकांना ओळखतोही. पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. हा काळ २४ तासांपेक्षा जास्त असेल, तर दुखापत सौम्य म्हणता येत नाही, मग कोमा स्केलवर १४ गुण का असेनात. गंमत अशी, की हॉस्पिटलच्या कागदांवर ही नोंद बऱ्याचदा नसते. ‘अलर्ट, बोलतोय’ एवढंच लिहिलेलं असतं. सकाळी येऊन गेलेला भाऊ संध्याकाळी रुग्णाला आठवत नव्हता, हे फक्त घरच्यांना माहीत असतं. दोन वर्षांनी तज्ज्ञ डॉक्टर नेमकं हेच विचारतात. म्हणून पहिल्या दिवसापासून तारीख-वार टिपून ठेवा.

दिवाणखान्यात हुशार, स्वयंपाकघरात हरवलेला

कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, योजना आखतो, आवेग आवरतो, कामाला सुरुवात करून देतो आणि चुकलं तर दिशा बदलतो. त्याला इजा झाली, की एक विचित्र प्रकार दिसतो. माणूस गप्पांमध्ये अगदी पूर्वीसारखा. शब्दसंग्रह शाबूत, जुन्या आठवणी शाबूत, ‘गॅसवर दूध उतू गेलं तर काय कराल?’ याचं उत्तर अचूक. प्रत्यक्षात दूध उतू जातं तेव्हा तो बघत उभा राहतो. माहिती आहे, माहिती वेळेवर वापरणारी यंत्रणा मोडली आहे. मेंदूतज्ज्ञ याला ‘फ्रंटल लोबचा विरोधाभास’ म्हणतात.

शांत खोली, समोर एकच माणूस, एका वेळी एक प्रश्न. अशा मुलाखतीत मुलाखत घेणाराच त्या रुग्णाचा फ्रंटल लोब बनतो: विषय तो ठरवतो, क्रम तो लावतो. सॉलिसिटरचं ऑफिस नेमकं असंच असतं. शिवाय अनेक रुग्णांना आपल्यात बदल झालाय हेच जाणवत नाही. ‘मी ठीक आहे’ हे ते मनापासून सांगतात. बार्न्सलीच्या प्रकरणातली तडजोड कशी होऊ शकते, ते आता थोडं स्पष्ट होईल.

इंग्लंडच्या मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ ची सुरुवातच एका चांगल्या तत्त्वाने होते: प्रत्येक प्रौढ व्यक्ती स्वतःचे निर्णय घ्यायला समर्थ आहे, असं धरून चालायचं. तसं नाही, हे सिद्ध करावं लागतं. कसोट्या चार: निर्णयाशी संबंधित माहिती समजते का, पुरेसा वेळ लक्षात राहते का, तिचा वापर करून बऱ्यावाइटाचा तोल करता येतो का, आणि निर्णय कळवता येतो का. यातली एक जरी जमत नसेल, तरी त्या निर्णयापुरती क्षमता नाही. ‘त्या निर्णयापुरती’ हे शब्द महत्त्वाचे. माणूस किराणा आणायला समर्थ असेल आणि २० लाखांचा दावा मिटवायला नसेल. २०१४ च्या निकालातही कोर्टाने हेच पाहिलं, की वकिलांनी कागदावर जसा मांडला होता त्या छोट्या दाव्यासाठी नव्हे, तर प्रत्यक्षात जो दावा होता तो चालवण्यासाठी क्षमता होती का.

फ्रंटल लोबची इजा तिसऱ्या कसोटीवर घाव घालते, आणि तीच मुलाखतीत दिसायला सर्वात कठीण. घरच्यांनी सांगितलेले साधे प्रसंग इथे लाखमोलाचे: एकाच आठवड्यात तीन फोन विकत घेतले, गॅस दोनदा चालू राहिला, अनोळखी माणसाला बँकेचा तपशील सांगितला. आपल्या घरांमध्ये मात्र अशा गोष्टी बाहेर न बोलण्याकडे कल असतो. ‘चारचौघांत त्याची शोभा कशाला?’ भावना समजण्यासारखी आहे, पण वकील आणि तज्ज्ञ डॉक्टर हे चारचौघं नव्हेत. रुग्णासमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर वेगळी भेट मागा.

क्षमता नाही असं ठरलं, तर दावा ‘लिटिगेशन फ्रेंड’मार्फत चालतो; आपल्याकडच्या कोर्टाच्या भाषेत वादमित्र. बहुधा जोडीदार किंवा आईवडील. तडजोडीला न्यायाधीशांची मंजुरी लागते, ती वर पाहिलीच.

‘आधी कसा होता?’ हा प्रश्न आणि मराठी माध्यम

नुकसान म्हणजे आधी आणि नंतर यातला फरक. ‘नंतर’ मोजता येतं. ‘आधी’ कसं मोजणार? अपघाताआधी कुणी बुद्धिमापन चाचणी देऊन ठेवलेली नसते.

न्यूरोसायकॉलॉजिस्ट यासाठी एक युक्ती वापरतात. स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही असे इंग्रजी शब्द मोठ्याने वाचायला देतात. ‘डेट’मधला बी अनुच्चारित, तसे. असे शब्द एकदा पाठ झाले, की मेंदूच्या दुखापतीनंतरही बऱ्यापैकी टिकून राहतात. म्हणून त्यावरून आधीच्या क्षमतेचा अंदाज बांधतात. १९८२ च्या नॅशनल ॲडल्ट रीडिंग टेस्टपासून ही पद्धत रूढ आहे. ती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांवर बेतलेली आहे. सांगलीत मराठी माध्यमात शिकून, पुढे इंजिनिअर होऊन इथे आलेल्या माणसाचे इंग्रजी उच्चार पुस्तकातून शिकलेले असतात. तो ‘सटल’मधला बी उच्चारतो, गुण कमी पडतात. मग निष्कर्ष काय? आधीची क्षमताच बेताची होती, म्हणजे नुकसान कमी. बुद्धीचा काही संबंध नसताना!

जाणकार तज्ज्ञ हा धोका ओळखतात, पण त्यांच्या हातात दुसरा पुरावा असावा लागतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डिग्री, ऑफिसचे वार्षिक मूल्यमापन अहवाल, बढतीची पत्रं, पगाराच्या पावत्या, सोसायटीचा किंवा महाराष्ट्र मंडळाचा हिशोब तो सांभाळत असेल तर तेही. गावाकडच्या कपाटातली फाइल मागवून घ्या. भाषेबद्दलही सुरुवातीलाच सांगा. हा कायदा सांगतो, की क्षमता नाही असं ठरवण्याआधी शक्य ती सर्व मदत द्यायची, आणि त्यात व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत संवाद येतो. दुभाषा मागताना तो घरचा नको. घरचा माणूस प्रेमापोटी अर्धवट उत्तर पूर्ण करून टाकतो.

मणका: एका पायरीचा फरक

मेरुरज्जूच्या दुखापतीत प्रश्न उलटा असतो. इथे नुकसान डोळ्यांना दिसतं, पण ते नेमकं किती, यावर पुढची सगळी गणितं फिरतात. मानेतल्या पाचव्या पातळीपर्यंत मेरुरज्जू शाबूत असेल, तर कोपर वाकवता येतं. सहाव्या पातळीपर्यंत असेल, तर मनगट वर उचलता येतं, आणि ते उचलल्यावर बोटं आपसूक थोडी मिटतात; त्या पकडीने चमचा धरता येतो. सातव्यापर्यंत असेल, तर कोपर ताठ करता येतं. म्हणजे हातांवर भार देऊन पलंगावरून व्हीलचेअरमध्ये स्वतः सरकण्याची शक्यता उघडते. एकेका पायरीचा फरक, पण रात्री कुणी जवळ लागणार का, दिवसाला किती तासांची मदत लागणार, हे त्यावर ठरतं. जन्मभराच्या हिशोबात तो फरक लाखो पौंडांचा होऊ शकतो.

आणि पहिल्या दिवशीचं निदान शेवटचं नसतं. सुरुवातीला मेरुरज्जू एक प्रकारच्या शॉकमध्ये असतो. सुमारे ७२ तासांनी केलेली तपासणी जास्त विश्वासार्ह मानतात, आणि सुधारणा पुढे अनेक महिने होत राहते. इंग्लंडमध्ये मेरुरज्जूच्या दुखापतींसाठी आठ खास एनएचएस केंद्रं आहेत. त्यातलं स्टोक मँडेव्हिल सर्वात प्रसिद्ध. लुडविग गुटमन यांनी ते १९४४ मध्ये सुरू केलं. साध्या वॉर्डात असलेल्या रुग्णाला अशा केंद्रात पाठवण्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा.

कायद्याचं घड्याळ

लिमिटेशन ॲक्ट १९८० नुसार दावा दाखल करण्याची मुदत साधारणपणे दुखापतीच्या किंवा ती कळल्याच्या दिवसापासून ३ वर्षं. मुलांसाठी घड्याळ १८ व्या वाढदिवशी सुरू होतं, म्हणजे २१ व्या वाढदिवसापर्यंत वेळ. दुखापतीमुळे त्याच दिवसापासून निर्णयक्षमता गेली असेल, तर ती परत येईपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. पण क्षमता नंतर कधीतरी गेली, तर सुरू झालेलं घड्याळ थांबत नाही. क्षमता होती की नव्हती यावर वाद होतोच, त्यामुळे ३ वर्षं हीच मुदत धरून चाला. धडक देणारा पळून गेला किंवा त्याचा विमा नव्हता, तर मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे जाता येतं. मारहाणीत दुखापत झाली, तर सरकारी गुन्हेपीडित भरपाई योजना आहे. तिथे मुदत साधारण २ वर्षं आणि कमाल रक्कम ५ लाख पौंड. आणि भारतात सुट्टीवर असताना अपघात झाला, तर मोटर अपघात दावा न्यायाधिकरणासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला आव्हान दिलं गेलंय, पण त्यावर विसंबू नका.

तीन वर्षं भरपूर वाटतात. पण दुकानाचं किंवा बसचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसलं जातं, आणि मेंदूच्या सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. लवकर वकील गाठण्याचं खरं कारण कोर्ट नाही, उपचार आहेत. इथे ‘रिहॅबिलिटेशन कोड’ नावाची संहिता आहे. ती बंधनकारक नाही, पण दोन्ही बाजू ती सहसा पाळतात. तिच्याखाली केस सुरू असतानाच समोरच्या विमा कंपनीच्या खर्चाने गरजांची पाहणी होऊ शकते आणि फिजिओथेरपी, न्यूरोसायकॉलॉजी, केस मॅनेजर अशी मदत सुरू होऊ शकते. चूक मान्य झाली असेल, तर हंगामी रकमाही मागता येतात. म्हणजे अंतिम रक्कम ठरवण्याची घाई नाही. आणि ती करूही नये. मेंदूची दुखापत कुठे स्थिरावते, हे कळायला दोनेक वर्षं सहज लागतात.

‘पण तो सीटबेल्ट लावायला विसरला होता’ म्हणून अनेक कुटुंबं गप्प बसतात. त्याने दावा बुडत नाही. लॉर्ड डेनिंग यांच्या १९७५ च्या निकालापासून ढोबळ नियम आहे: बेल्टने दुखापत पूर्ण टळली असती तर भरपाईतून २५ टक्के वजा, कमी झाली असती तर १५ टक्के. बाकीची मिळते.

४० वर्षांचा हिशोब

समजा, वर्षाला ५०,००० पौंडांची मदत ४० वर्षं लागणार आहे. सरळ गुणाकार केला तर २० लाख. पण रक्कम आज एकदम मिळते आणि गुंतवली जाते, म्हणून कोर्ट एक व्याजदर धरून ती कमी-जास्त करतं. हा दर सरकार ठरवतं. २००१ मध्ये तो अडीच टक्के होता. साध्या गणिताने तेव्हा वरच्या उदाहरणात साधारण साडेबारा लाख मिळाले असते. २०१९ मध्ये तो उणे पाव टक्का झाला: सुमारे २१ लाख. ११ जानेवारी २०२५ पासून तो अर्धा टक्का आहे: सुमारे १८ लाख. दुखापत तीच, गरज तीच, आणि दशांश चिन्हापुढच्या आकड्यांनी साडेआठ लाखांपर्यंतचा फरक. (प्रत्यक्ष हिशोबात आयुर्मानही धरतात, त्यासाठी ऑग्डेन टेबल्स वापरतात.)

एकरकमी पैशांत अजून एक धोका असतो: माणूस अंदाजापेक्षा जास्त जगला तर? त्यासाठी ‘पिरिऑडिकल पेमेंट’ हा पर्याय आहे. हयातभर, दरवर्षी, काळजीवाहकांच्या वेतनवाढीशी जोडलेली रक्कम. २००५ पासून कोर्ट तशी सक्तीही करू शकतं. रुग्ण तरुण असेल, तर वकिलाला याबद्दल नक्की विचारा.

तिसरी सोय जीवशास्त्राशी थेट जोडलेली आहे. काही परिणाम उशिरा येतात. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या १९९८ च्या एका मोठ्या अभ्यासात, दुखापतीनंतरच्या ३० वर्षांत अपस्माराचं एकूण प्रमाण सौम्य दुखापतीनंतर २.१ टक्के, मध्यमनंतर ४.२ टक्के आणि गंभीरनंतर १६.७ टक्के आढळलं. मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर अनेक वर्षांनी रज्जूच्या आत द्रवाची पोकळी वाढून उरलीसुरली ताकदही जाऊ शकते. आज भरपाई घेतली आणि दहा वर्षांनी हे झालं, तर? यासाठी ‘प्रोव्हिजनल डॅमेजेस’ मागता येतात: आत्ताची भरपाई घ्यायची आणि ठरलेला गंभीर बिघाड झाल्यास कोर्टात परत यायचा हक्क राखून ठेवायचा. तो तडजोडीच्या वेळीच मागावा लागतो.

आईच्या सेवेचा तास

अपघाताची बातमी कळली, की नाशिकहून आई विमानात बसते. व्हिजिटर व्हिसावर सहसा जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. त्या सहा महिन्यांत ती आंघोळ घालते, भरवते, रात्री उठते. ‘आईच्या सेवेचे पैसे कसले घ्यायचे?’ असं आपल्याला वाटतं. इंग्लंडचा कायदा वेगळा विचार करतो. घरच्यांनी विनामोबदला दिलेल्या काळजीची किंमत भरपाईत धरली जाते. व्यावसायिक मदतनिसाच्या ताशी दरातून बहुधा पाव हिस्सा वजा करून ती काढतात, आणि हे पैसे सेवा करणाऱ्या व्यक्तीसाठी असतात, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ मध्ये स्पष्ट केलं. वाजवी प्रवासखर्चही मागता येतो. पण तासांची नोंद हवी. एक साधी वही: किती वाजता उठवलं, काय मदत लागली, किती वेळ गेला. शिवाय हीच वही पुढे पगारी मदतीची गरज दाखवते. आई परत गेल्यावर हे तास कुणीतरी भरावे लागणार आहेत.

याच निकालात एक अवघड वळणही आहे. चूक करणारा आणि सेवा करणारा एकच असेल, तर त्याच्या सेवेचे पैसे मिळत नाहीत. नवरा गाडी चालवत होता, चूक त्याची, आणि शेजारी बसलेल्या बायकोला दुखापत झाली, तर बायको दावा लावू शकते. ‘नवऱ्यावर केस?’ म्हणून घरात वादळ होतं. पण पैसे नवऱ्याच्या खिशातून जात नाहीत, त्याच्या गाडीच्या विमा कंपनीकडून येतात. विमा त्यासाठीच असतो. अशा वेळी तिचा वादमित्र नवरा होऊ शकत नाही. भाऊ, बहीण किंवा सॉलिसिटर हवा.

बँकेचं खातं आणि पुण्याचा फ्लॅट

नवराबायको आहोत म्हणून एकमेकांचं खातं चालवायचा अधिकार आपोआप मिळत नाही. आधीच लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवली असेल तर ठीक. निर्णयक्षमता गेल्यावर ती करता येत नाही; मग कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडून ‘डेप्युटी’ नेमून घ्यावा लागतो. त्याला महिने लागतात.

भारतातल्या मालमत्तेचं काय? पुण्याच्या फ्लॅटसाठी बाबांच्या नावे मुखत्यारपत्र केलेलं असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र करून देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की ते अधिकार संपतात. इंग्लंडसारखी टिकाऊ मुखत्यारी तिथे नाही. कोमातल्या व्यक्तीसाठी पालक नेमायला उच्च न्यायालयात जावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. दोन्ही देशांत स्वतंत्र कागद लागणार, हे गृहीत धरा.

व्हिसाचा प्रश्नही याच यादीत येतो. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की मुक्कामाची परवानगी साधारण ६० दिवसांवर येते, आणि अशा व्हिसावर बरेच सरकारी भत्ते मिळत नाहीत. भारतात परतावं लागलं म्हणून दावा संपत नाही. पण पुढचं आयुष्य लेस्टरमध्ये जाणार की पुण्यात, यावर खर्चाचा हिशोब बदलतो. इमिग्रेशनचा वकील वेगळा लागतो; दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्या.

वकील निवडताना

बहुतेक दावे ‘नो विन, नो फी’ करारावर चालतात. जिंकल्यास वकील भरपाईतून ‘सक्सेस फी’ घेऊ शकतो, पण ती वेदनांची भरपाई आणि झालेलं नुकसान यांच्या २५ टक्क्यांपर्यंतच. भविष्यातल्या काळजीच्या पैशांना तिने हात लावता येत नाही. सही करण्याआधी घराच्या विम्यात किंवा युनियनच्या सभासदत्वात कायदेशीर खर्चाचं संरक्षण आहे का, ते पाहा.

हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटणाऱ्यापेक्षा किंवा ओळखीतल्या घरखरेदीच्या वकिलापेक्षा याच क्षेत्रातला वकील हवा. मेंदूच्या दुखापतीसाठी हेडवे आणि मेरुरज्जूसाठी स्पायनल इंज्युरीज असोसिएशन या संस्था कुटुंबांना मदत करतात आणि अनुभवी वकिलांपर्यंतही पोहोचवतात. पहिल्या भेटीत विचारा: अशा किती केसेस स्वतः चालवल्या? पहिल्या तीन महिन्यांत उपचारांसाठी काय कराल? निर्णयक्षमतेची तपासणी कोण आणि कधी करेल? वकिलाने घरी येऊन रुग्णाला त्याच्या स्वयंपाकघरात पाहायची तयारी दाखवली, तर ते चांगलं लक्षण.

आणि चूक कुणाचीच नसेल तर? जिन्यावरून पाय घसरला, तर भरपाई मागायला समोर कुणी नसतं. तेव्हाही स्थानिक कौन्सिलकडे केअर ॲक्ट २०१४ खाली गरजांची पाहणी मागता येते, एनएचएसच्या कायमस्वरूपी काळजीसाठी अर्ज करता येतो. तिथेही अधिकारी तासाभराच्या भेटीत ठरवतात, आणि तासाभरात फ्रंटल लोबची इजा दिसत नाही.

म्हणून शेवटी सगळं त्या वहीवर येतं. आजच एक वही काढा. डावीकडच्या पानावर ‘आधी’: तो सकाळी काय करायचा, कुठली कामं एकट्याने करायचा, कशावर हसायचा. उजवीकडे ‘आज’, तारखेसकट. स्कॅन काही सेकंदांचा असतो, तज्ज्ञाची भेट दोन तासांची. चोवीस तास बघणारं माणूस फक्त घरात असतं, आणि त्याने लिहून ठेवलेलं कोर्ट वाचतं.